नवा टीव्ही, जुना व्हीसीआर आणि खारा वारा: बिघडलेल्या रेकॉर्डिंगचा प्रकरण अभ्यास

देवगड तालुक्यात, समुद्राला अगदी लागून असलेलं एक घर. जांभ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं आणि मागच्या स्लॅबवर फ्री डिशची ६० सेंटीमीटरची छत्री. नव्वदच्या दशकातला दोन हेडचा (हेड म्हणजे टेपवर चित्र लिहिणारा-वाचणारा भाग), पाल या जुन्या टीव्ही-पद्धतीचा व्हीसीआर या घरात अजूनही रोज चालतो. सह्याद्री वाहिनीवरचे कार्यक्रम, भजनं, गणपतीतले विशेष भाग कॅसेटवर घ्यायचे आणि दुपारी जेवणं उरकली की निवांत बघायचे, ही घरातल्या वडीलधाऱ्यांची सवय. अशा वेळी 'पेन ड्राइव्हवर रेकॉर्ड करणारा बॉक्स घ्या' हा सल्ला द्यायला सोपा आहे. पण ज्या घरात यंत्राची बटणं हातांना पाठ आहेत आणि माळ्यावर कॅसेटींचा साठा आहे, तिथे तेच यंत्र नीट चालवून देणं हे खरं काम.

तक्रार अशी होती. खोक्याचा जुना टीव्ही जाऊन बत्तीस इंची एलसीडी आला आणि तेव्हापासून रेकॉर्डिंग बिघडलं. चित्रावर मुंग्या येतात आणि मधूनच पांढऱ्या आडव्या रेघा चमकून जातात. एक रुंद, काळपट पट्टा खालून वर हळूहळू सरकत राहतो. अगदी तळाशी फाटल्यासारखी एक अरुंद पट्टी दिसते. पावसात चित्राचे चौकोन पडतात आणि ते तसेच कॅसेटवर उतरतात. शिवाय व्हीसीआर बंद असतानाही टीव्हीवरचं चित्र पूर्वीपेक्षा अंधारलेलं वाटतं. 'हेड गेलं' हे एक निदान झालं होतं, 'नवा टीव्ही जुन्या व्हीसीआरला चालत नाही' हे दुसरं. नवं हेड मागवायचंही जवळपास ठरलं होतं.

किनारपट्टीवर एकच दोष क्वचित सापडतो. दमट खारी हवा प्रत्येक जोडावर एकाच वेळी काम करत असते, त्यामुळे दोन-तीन दोष एकमेकांवर चढलेले असतात. एक काढला की चित्र अर्धंच सुधारतं, आणि माणसाला वाटतं की निदान चुकलं. म्हणून यंत्राचं झाकण उघडण्याआधी सिग्नलच्या वाटेचे टप्पे पाडायचे आणि प्रत्येक टप्पा एकाच चित्रावर तपासायचा.

तपासणीचं चित्र आणि तीन टप्पे

चालू कार्यक्रमावर तपासणी करू नये. दृश्य सतत बदलतं, मग सुधारणा झाली की फक्त उजेडातलं दृश्य आलं हे कळत नाही. सेट टॉप बॉक्सचा मेनू हे फुकटात मिळणारं उत्तम तपासणीचं चित्र आहे. ते स्थिर असतं, त्यात सरळ कडा, सपाट रंग आणि बारीक अक्षरं असतात. शिवाय छत्रीची केबल काढली तरी ते पडद्यावर राहतं, आणि हा गुण पुढे फार उपयोगी पडला.

पहिला टप्पा छत्रीपासून बॉक्सच्या पिवळ्या, म्हणजे चित्राच्या पिनपर्यंत. त्यासाठी मधलं सगळं काढून बॉक्स एकाच वायरने थेट टीव्हीला जोडायचा.

दुसरा टप्पा व्हीसीआरच्या आतून, पण कॅसेटला न शिवता. कॅसेट न घालता व्हीसीआर चालू करून इनपुट 'एव्ही' वर ठेवला की आलेला सिग्नल यंत्रातल्या सर्किटमधून तसाच बाहेर पडतो. इथे दिसणारा दोष हेडचा किंवा टेपचा असूच शकत नाही. ही तपासणी पाच मिनिटांची आहे आणि नेमकी तीच बहुतेक ठिकाणी केली जात नाही.

तिसरा टप्पा टेपवर जाणं आणि टेपवरून येणं. याचे दोन भाग वेगळे करायला कॅसेटींची अदलाबदल करावी लागते. याच यंत्रावर पूर्वी, सगळं ठीक असताना भरलेली कॅसेट इथे लावून बघायची, आणि अलीकडे भरलेली कॅसेट दुसऱ्या चांगल्या व्हीसीआरवर. जुनी कॅसेट इथे स्वच्छ दिसली तर वाचन ठीक आहे, बिघाड रेकॉर्डिंगच्या बाजूचा आहे. कॅसेट घालण्याआधी तिच्या खिडकीतून बॅटरीचा उजेड टाकून टेपची कड बघायची. कडेवर पांढरट भुकटी दिसली तर ती बुरशी आहे, आणि ती कॅसेट यंत्रात जाता कामा नये.

या घरात निकाल असा आला. चौकोन पहिल्या टप्प्यात, अंधारलेपण एकाच वायरने थेट जोडताच गेलेलं, सरकता पट्टा दुसऱ्या टप्प्यातच दिसू लागलेला, मुंग्या आणि रेघा तिसऱ्यात. तळाची पट्टी मात्र दोषच नव्हता.

दुभागणारी पिन

पूर्वीची जोडणी सरळ रांगेत होती: बॉक्स, मग व्हीसीआर, मग टीव्ही. नवा टीव्ही बसवताना 'व्हीसीआर बंद असला तरी टीव्ही दिसावा' म्हणून बॉक्सच्या पिवळ्या पिनवर वाय आकाराची दुभागणी लावली गेली. एक टोक टीव्हीला, एक व्हीसीआरला. वरवर पाहता सोय झाली, पण चित्राचा सिग्नल दिव्याच्या बोर्डासारखा वाटून घेता येत नाही.

बॉक्सचं आउटपुट ७५ ओहमचं असतं आणि समोरही ७५ ओहमचंच एक यंत्र अपेक्षित असतं. तसं असेल तर आतल्या २ व्होल्टपैकी अर्धे, म्हणजे १ व्होल्ट, पलीकडे पोचतात. दोन यंत्रं समांतर जोडली की भार ३७.५ ओहम होतो आणि पोचतो तो सुमारे ०.६७ व्होल्ट. टीव्हीवर चित्र अंधारतं ते यामुळे. ताळा सोपा आहे: व्हीसीआरकडे जाणारी पिन उपटली की टीव्हीवरचं चित्र त्याच क्षणी उजळतं. इथे तसंच झालं.

रेकॉर्डिंगमध्ये हा दोष वेगळ्या रूपात येतो. व्हीसीआर सिंकची, म्हणजे चित्राच्या रेषा जुळवणाऱ्या खुणेची, उंची मोजून सिग्नल आपोआप वाढवतो. सिंक ०.३ व्होल्टऐवजी ०.२ व्होल्ट आला की तो सगळं दीडपट करतो. उजेड बरोबर होतो, पण वाटेत मिसळलेला घरच्या विजेचा गुणगुणाटही दीडपट होतो. म्हणजे या पिनने सरकत्या पट्ट्याला बळ दिलं होतं.

उपाय तीन आहेत. बॉक्सला एचडीएमआय असेल तर टीव्ही त्यावर आणि पिवळी पिन फक्त व्हीसीआरला. यासारखं उत्तम काही नाही. ते नसेल तर पूर्वीसारखी रांग लावावी, मात्र टीव्ही बघताना व्हीसीआर चालू ठेवावा लागेल. तिसरा, सीसीटीव्हीच्या दुकानात मिळणारा व्हिडिओ डिस्ट्रिब्युशन अ‍ॅम्प्लिफायर: एक इनपुट, दोन किंवा चार आउटपुट, प्रत्येक स्वतंत्र ७५ ओहमचं. या घरातल्या बॉक्सला एचडीएमआय नव्हतं आणि टीव्ही व्हीसीआरशिवाय दिसायला हवा होता, म्हणून तिसरा उपाय घेतला. नुसत्या वायरींच्या दुभागणीला 'स्प्लिटर' म्हणून विकतात, ते घेऊ नये. खऱ्या अ‍ॅम्प्लिफायरला स्वतःचा वीजपुरवठा लागतो, ही त्याची ओळख.

सरकणारा पट्टा

पट्टे मोजावेत. एकच रुंद पट्टा म्हणजे ५० हर्ट्झ, घरच्या विजेचा थेट शिरकाव. बहुतेक वेळा अर्थिंगचा फेरा, म्हणजे दोन वेगळ्या अर्थिंगांमध्ये वायरींमधून वाहणारी वीज. दोन पट्टे म्हणजे १०० हर्ट्झ, आणि मग व्हीसीआरच्या पॉवर सप्लायमधले फिल्टर कपॅसिटर सुकले असण्याची शक्यता जास्त. ते काम जाणत्या तंत्रज्ञाचं. स्विच मोड सप्लाय असेल तर त्याच्या मुख्य कपॅसिटरवर प्लग काढल्यावरही ३०० व्होल्टच्या वर दाब उरलेला असू शकतो.

पट्टा का सरकतो? चित्राचे सेकंदाला ५० फील्ड (एक फील्ड म्हणजे अर्धं चित्र) बॉक्समधल्या क्रिस्टलच्या ठोक्यावर नेमके चालतात, आणि ग्रिडची वारंवारता ५० च्या आसपास किंचित हलत असते. फरक ०.०५ हर्ट्झ असेल तर पट्टा २० सेकंदांत पडद्याची एक फेरी पूर्ण करतो. फरक बदलला की वेग आणि दिशाही बदलते. पट्टा कधी वर तर कधी खाली जातो म्हणून दोष बदलला असं समजू नये.

इथे एकच पट्टा होता. बॉक्स बंद करून छत्रीची केबल काढली (चालू असताना काढू नये, त्या केबलमधून छत्रीकडे १३ किंवा १८ व्होल्ट जात असतात), पुन्हा बॉक्स चालू करून मेनू आणला. पट्टा गायब. केबल जोडली, पट्टा परत. म्हणजे फेरा छत्रीच्या खांबातून जात होता. विजेच्या भीतीने खांबाला अंगणात वेगळी सळई पुरून अर्थिंग दिलं होतं, आणि घराचं अर्थिंग मीटरच्या पलीकडच्या खड्ड्यात होतं. तिथल्या नट-बोल्टवर गंजाचा जाड थर होता. जांभ्याच्या जमिनीत पाणी टिकत नाही, मे महिन्यात खड्डा कोरडा पडतो आणि दोन अर्थिंगमध्ये दाबाचा फरक वाढतो. तो फरक केबलच्या जाळीतून आणि पिवळ्या वायरच्या बाहेरच्या तारेतून वाहतो. १ व्होल्टच्या चित्रात ०.०५ व्होल्ट मिसळला तरी तो पाच टक्के, आणि सपाट रंगावर तो डोळ्यांना दिसतो.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. तीन पिनी प्लगची अर्थिंगची पिन कापून पट्टा जातो, आणि तसं करणारे आहेत. ते कदापि करू नये. ओल्या भिंती, दमट फरशी आणि अर्थिंग नसलेलं धातूच्या अंगाचं यंत्र हे जीवाशी खेळणं आहे.

योग्य काम असं झालं. वायरमनकडून घराच्या अर्थिंगचा जोड घासून नवे नट-बोल्ट बसवले, खड्ड्यात पाणी घालण्याची सोय केली आणि खांबाची तार त्याच अर्थिंगला जाड तांब्याच्या तारेने जोडली. बॉक्स, व्हीसीआर, अ‍ॅम्प्लिफायर, टीव्ही हे चारही एकाच भिंतीवरच्या सॉकेटमधून घेतले. पट्टा गेला. जिथे अर्थिंग लगेच सुधारता येत नाही तिथे पिवळ्या वायरमध्ये व्हिडिओचा ग्राउंड लूप आयसोलेटर घालता येतो. तो छत्रीच्या केबलमध्ये घालायचा नाही, कारण छत्रीकडे जाणारे व्होल्ट तिथे अडतील.

छत्रीचा जोड

चौकोन पडणं आणि चित्र गोठणं हा डिजिटल दोष आहे. व्हीसीआरला तसं चित्र बिघडवताच येत नाही. ही एक खूण लक्षात ठेवली तरी निम्मी दिशाभूल टळते. मेनूत सिग्नलची गुणवत्ता बघितली, ती वारा सुटला की हलत होती. एलएनबीवरचा (छत्रीसमोरच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीवरचा) एफ कनेक्टर उघडला तर मधली तार हिरवी आणि जाळी काळी पडलेली. एफ कनेक्टरमध्ये केबलची मधली तार हीच पिन असते, आणि इथून ९५० ते २१५० मेगाहर्ट्झचा सिग्नल जातो. थोडासा गंजही तिथे जड जातो.

केबल मागे कापत न्यायची, आतली जाळी चकचकीत दिसेपर्यंत. इथे हातभर कापावी लागली. नवा कनेक्टर दाबून बसवायचा, पिळून बसवायचा नव्हे; पिळाचे सैल होतात. जोडावर आपोआप एकजीव होणारी रबरी टेप ताणून गुंडाळायची, खालून वर, म्हणजे पाणी थरांत शिरत नाही. जोडाच्या खाली केबलला एक झोळ सोडायचा, त्यावरून पाणी ठिबकून जातं. केबल बदलायचीच असेल तर आरजी-६, मधली तार पूर्ण तांब्याची. तांब्याचा मुलामा दिलेली लोखंडी तार किनाऱ्यावर टिकत नाही.

एवढं करूनही मुसळधार सरीत चौकोन पडतील. छत्रीकडे येणारा केयू बँडचा, म्हणजे फार उंच वारंवारतेचा, सिग्नल पाऊस खातो. छत्री ६० ऐवजी ९० सेंटीमीटरची घेतली तर सुमारे साडेतीन डेसिबल जास्त मिळतात आणि मधल्या सरी निभावतात, आषाढातला धो धो नाही.

मुंग्या, रेघा आणि हेड

आता यंत्र. पाल व्हीएचएसमध्ये (याच कॅसेटींच्या पद्धतीत) ६२ मिलिमीटर व्यासाचा ड्रम मिनिटाला १५०० फेरे घेतो. त्यावरची दोन हेडं आलटून पालटून एकेक फील्ड लिहितात. दोन्हींपैकी एक तुंबलं की एकाआड एक फील्ड मुंग्यांचं येतं: मागे चित्र दिसतं आणि त्यावर मुंग्यांचा लखलखता पडदा. दोन्ही तुंबली तर चित्रच जातं. या घरात पहिली स्थिती होती. जुनी चांगली कॅसेटही इथे थोड्या मुंग्यांसह दिसत होती, आणि अलीकडची कॅसेट दुसऱ्या यंत्रावरही मुंग्या दाखवत होती. म्हणजे तेच हेड लिहिताना एकदा आणि वाचताना एकदा नुकसान करत होतं.

पांढऱ्या रेघांची परीक्षा वेगळी. तोच तुकडा मागे घेऊन पुन्हा लावायचा. रेघ त्याच जागी आली तर टेपचा थर तिथे गेलेला आहे. जागा बदलली तर हेड किंवा वाटेतली घाण. इथे बहुतेक रेघा त्याच जागी येत होत्या, आणि त्या कॅसेटींच्या कडेवर बुरशी होती. कॅसेटी समुद्राकडच्या भिंतीला टेकलेल्या लोखंडी कपाटात होत्या. बुरशीच्या कॅसेटीने हेड तुंबवलं आणि तुंबलेल्या हेडने पुढच्या चांगल्या कॅसेटींवर खराब रेकॉर्डिंग केलं. 'हेड गेलं' म्हणणाऱ्याने जागा बरोबर दाखवली होती, पण हेड झिजलं नव्हतं, मळलं होतं.

साफ करताना प्लग काढायचा, अर्धा तास थांबायचं आणि मगच वरचं झाकण उघडायचं. हवं ते असं: ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि शॅमॉय चामड्याची काडी. दवाखान्यातल्या स्पिरिटमध्ये पाणी असतं, ते नको. कापसाचा बोळा तर नकोच. त्याचे तंतू हेडच्या टोकात अडकतात. चामडं भिजवून ड्रमच्या अंगाला आडवं, हलकेच टेकवायचं, हात स्थिर ठेवायचा आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने ड्रम वरून धरून हळूहळू फिरवायचा. पाच-सहा फेरे, मग चामड्याची कोरी बाजू, काळा डाग उमटायचा थांबेपर्यंत. काडी वर-खाली कधीही घासायची नाही. हेडचं फेराइटचं टोक त्या दिशेने धक्का लागला की तुटतं, आणि मग नवं हेडच लागतं. ड्रमनंतर टेपच्या वाटेतले खांब, खोडणारं हेड, आवाज आणि कंट्रोलचं हेड, टेप पुढे ओढणारा कॅप्स्टनचा दांडा. रबरी पिंच रोलर पाण्याने ओलसर केलेल्या कापडाने पुसावा. अल्कोहोलने रबर कडक होत जातं. खांबांची उंची ठरवणारे स्क्रू अजिबात फिरवायचे नाहीत. सगळं वाळायला अर्धा तास.

साफ केल्यावर जुनी कॅसेट स्वच्छ दिसली. गेल्या पावसाळ्यापासून भरलेल्या कॅसेटी मात्र तशाच राहिल्या, आणि तशाच राहणार. लिहिताना जे टेपवर गेलं नाही ते नंतर कुठल्याही सफाईने येत नाही. वाचनाचा दोष भरून निघतो, रेकॉर्डिंगचा नाही. म्हणून महत्त्वाचा कार्यक्रम घेण्याआधी दोन मिनिटांचं चाचणी रेकॉर्डिंग करून बघणं ही चैन नव्हे.

सेटिंगमध्ये दोन बदल केले. रेकॉर्डिंग एलपीवर (संथ वेगावर) होत होतं, ते एसपीवर (नेहमीच्या वेगावर) आणलं. एलपीत टेपचा वेग सेकंदाला २३.३९ वरून ११.७० मिलिमीटर होतो आणि प्रत्येक ट्रॅकला निम्मीच जागा उरते. ई-१८० कॅसेटीवर सहाऐवजी तीन तास मावतात, पण चित्र उभं राहतं. ई-२४० ची टेप पातळ असते, जुन्या यंत्रात ती नकोच. दुसरं, बॉक्स अजून जुन्या टीव्हीच्या ४:३ लेटरबॉक्सवर होता. १६:९ कार्यक्रमाच्या ५७६ रेषांपैकी त्यात ४३२ च चित्राला मिळतात, बाकी काळ्या पट्ट्यांत जातात. बॉक्स १६:९ वर केला. कॅसेटवर चित्र उंच दिसेल असं जातं आणि टीव्ही ते पुन्हा रुंद करतो.

तळाची फाटकी पट्टी म्हणजे एका हेडवरून दुसऱ्यावर जाण्याची जागा. ती प्रत्येक व्हीएचएस रेकॉर्डिंगमध्ये असते. खोक्याचे टीव्ही चित्राच्या कडा चौकटीबाहेर ढकलायचे म्हणून ती दिसत नसे. नव्या टीव्हीच्या मेनूत ओव्हरस्कॅन चालू केलं की झाकली जाते.

एका खासगी वाहिनीच्या रेकॉर्डिंगमध्ये उजेड काही सेकंदांनी कमी-जास्त होत होता. थेट बघताना तसं होत नव्हतं. अशी लक्षणं कॉपीला अटकाव करणाऱ्या संकेताची असतात. यंत्रात त्याची दुरुस्ती शोधत बसू नये.

पुढची काळजी

सगळं झाल्यावरही व्हीएचएसची मर्यादा उरते. आडव्या दिशेला सुमारे २४० रेषांचाच तपशील मिळतो, त्यामुळे बातम्यांखालची बारीक सरकती अक्षरं कॅसेटीवर वाचता येणार नाहीत. चेहरे, रंगमंच, भजनाची बैठक चांगली दिसते.

पावसाळ्यात यंत्र रोज तासभर आधी चालू करून ठेवावं आणि मगच कॅसेट घालावी. ड्रमवर दव असेल तर टेप चिकटते. दवाचा सेन्सर असलेलं यंत्र त्या वेळी कॅसेट घेत नाही. तो बिघाड नाही, थांबावं. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं, कॅसेटी उभ्या, डबीबंद, आणि खणात सिलिका जेलच्या पुड्या. रंग बदलला की त्या तव्यावर मंद आचेवर सुकवून पुन्हा वापरता येतात. कपाटात झिरो बल्ब लावायची जुनी रीत चांगली आहे, मात्र बल्ब तारेचा हवा. एलईडी पुरेसा तापत नाही.

बुरशी लागलेल्या कॅसेटी वेगळ्या पिशवीत बांधून ठेवल्या आहेत. त्यांत भजनाची जी रेकॉर्डिंगं दुसरीकडे कुठेच नाहीत, ती आधी डिजिटल करून घ्यायची आहेत. ते काम कोरड्या हवेत, डिसेंबर ते फेब्रुवारीत करावं. नाकातोंडावर मास्क बांधून, मोकळ्या हवेत टेप कोरड्या मऊ कापडाने पुसावी. नंतर ती या यंत्रावर नाही, तर मोडीत काढलेल्या पण चालणाऱ्या दुसऱ्या व्हीसीआरवर लावावी, आणि प्रत्येक कॅसेटनंतर त्याचं हेड पुन्हा साफ करावं.